अर्धशिशीचं बिऱ्हाड हलवताना

प्रिय बाळ,

नवी नोकरी मिळाली, दीड महिन्यात दुसऱ्या राज्यात राहायला जायचं ठरलं, आणि तुझा पहिला प्रश्न घराचा नाही. ‘तिथे डोकं उठलं तर मी कुणाकडे जाऊ?’ हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. अर्धशिशी सोबत घेऊन मी स्वतः तीनदा राज्य बदललंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या वेळी माझ्या गोळ्या सामानाबरोबर ट्रकमधून गेल्या. मी रिकाम्या घरात पोचले, आणि दुपारी डाव्या डोळ्यामागे ठणका सुरू झाला. एकाही खिडकीला पडदा नव्हता. घरात अंधारी जागा एकच, न्हाणीघर. तिथे फरशीवर ओला टॉवेल डोळ्यांवर घेऊन मी रात्र होईपर्यंत पडून राहिले. अ‍ॅटॅकच्या गोळ्या, उलटीची गोळी आणि रोजची औषधं तुझ्या हातातल्या पिशवीत हवीत, हे मी त्या फरशीवर शिकले.

पण त्याहून मोठं नुकसान पुढे झालं. नव्या डॉक्टरांनी विचारलं, ‘आधी काय काय घेतलंय?’ मला नावं आठवेनात. ‘एक पांढरी गोळी होती, रात्रीची,’ एवढंच सांगता आलं. त्यांनी त्यांच्या परीने योग्य तेच औषध सुरू केलं. तीन महिन्यांनी जुन्या कपड्यांत एक चिठ्ठी सापडली, तेव्हा कळलं की हेच औषध माझ्यावर आधीच वाया गेलं होतं. अ‍ॅटॅक येऊ नयेत म्हणून घ्यायचं औषध लागू पडतंय की नाही, हे कळायला पुऱ्या डोसवर दोन ते तीन महिने जावे लागतात. म्हणजे एक नाव विसरलं की एक अख्खा हंगाम गेला. तो काळ मला आजही हळहळ लावतो.

तेव्हा आज रात्रीच एक पान लिहायला घे. आजवर घेतलेलं प्रत्येक औषध, ब्रँडचं नव्हे तर मूळ नाव, जास्तीत जास्त किती डोसपर्यंत गेलीस, किती महिने घेतलंस आणि का थांबवलंस. उदाहरणार्थ: ‘टोपिरामेट, 25 पासून 100 मिलिग्रॅमपर्यंत, 4 महिने, बोटांना झिणझिण्या, बोलताना शब्द सुचेनात, म्हणून बंद.’ ‘सूट झालं नाही’ असं मोघम लिहू नकोस. नुसता उपयोग झाला नाही आणि त्रास झाला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवे डॉक्टर त्यावरूनच पुढचं ठरवतात. या पानाखाली सध्याच्या डॉक्टरांची सही आणि तारीख घे, त्यांच्याकडून एक सारांशपत्रही माग. अर्धशिशी रोखायला देतात ती बोटॉक्स किंवा सीजीआरपीची (दुखणं चेतवणाऱ्या शरीरातल्या एका द्रव्याला अडवणारी) इंजेक्शनं मंजूर करण्याआधी विमा कंपन्या बहुधा आधी कोणती औषधं निष्फळ ठरली याचा पुरावा मागतात. विमा बदलला तर जुनी मंजुरी चालेलच असं नाही, हे आधीच विचारून घे.

दुसरं, डोकेदुखीची वही. तीन महिन्यांहून जास्त काळ महिन्यातले 15 किंवा अधिक दिवस डोकं दुखत असेल, आणि त्यातले निदान 8 दिवस अर्धशिशीचे असतील, तर त्याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. नवी अपॉइंटमेंट दहा-पंधरा मिनिटांची असते. तेवढ्यात ‘फार दुखतं’ यापेक्षा ‘गेल्या महिन्यात 17 दिवस, त्यात 9 दिवस आडवी’ हे जास्त बोलतं. गोळ्यांचे दिवसही मोज. ट्रिप्टान, म्हणजे अर्धशिशीच्या अ‍ॅटॅकवरची खास गोळी, महिन्यात 10 दिवस किंवा साधी पेनकिलर 15 दिवस, असं महिनोन्‌महिने चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. घर हलवण्याच्या धांदलीत ‘आज एवढं आवरू दे’ म्हणत हा आकडा कधी ओलांडतो ते कळत नाही. मला कळलं नव्हतं.

अपॉइंटमेंट तिथे पोचल्यावर नाही, आत्ताच घे. न्यूरोलॉजिस्टकडे नंबर लागायला कधी कधी महिने जातात. बोटॉक्स दर 12 आठवड्यांनी असतं, म्हणून पुढची तारीख मोजून त्याच्या आधीचीच वेळ माग. मधल्या काळापुरती औषधं आणि प्रिस्क्रिप्शन सध्याच्या डॉक्टरांकडून घेऊन ठेव. व्हिडिओवर त्यांनाच दाखवत राहीन असं तू लिहिलंयस. काही देशांत डॉक्टरचा परवाना राज्यापुरताच असतो, तेव्हा त्यांना स्पष्ट विचार. आणि अ‍ॅटॅक येऊ नयेत म्हणून रोज प्रोप्रानोलॉल घेत असशील तर संपलं म्हणून एकदम सोडू नकोस. नाडी आणि रक्तदाब उसळू शकतात. बंद करायचंच तर डॉक्टर सांगतील तसं हळूहळू. सीजीआरपीची इंजेक्शनं 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असतात, गोठू द्यायची नाहीत. ती बर्फाला थेट टेकणार नाहीत अशी बांध.

पहिले काही आठवडे वाईट जाऊ शकतात. हवा वेगळी, झोप मोडलेली, जेवण अवेळी. तेवढ्यावरून औषध निकामी झालं असं ठरवू नकोस. उठायची वेळ मात्र सुट्टीच्या दिवशीही तीच ठेव.

मूल हवं असं तुमच्या मनात असेल तर नव्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांग. अर्धशिशी रोखायला देतात त्यातली व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट ही औषधं गर्भाला धोक्याची असतात.

आणि हे नीट वाच. क्षणार्धात विजेसारखं डोकं फुटलं, तापाबरोबर मान ताठरली, एक बाजू लुळी पडली किंवा बोलणं अडखळलं, तर ‘माझं नेहमीचंच’ म्हणून पडून राहू नकोस. सरळ इमर्जन्सीत जा. नव्या गावात ती कुठे आहे, हे पोचल्या दिवशीच शोधून ठेव आणि शेजारच्या एका माणसाला तरी आपला आजार सांगून ठेव.

पान लिहून झालं की मला पाठव, मी नजर घालते. आणि पडद्यांचा खोका ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी चढवायला सांग, म्हणजे तो आधी उतरेल.

तुझी,
मावशी