एक खोली, दोन पाहुणे

प्रश्न : बर्डीवर आमचं १४ खोल्यांचं लॉज आहे. खोल्या तीन बुकिंग साइटवर आहेत, शिवाय काउंटरवरची गिऱ्हाइकं. हिवाळी अधिवेशनात एकाच खोलीवर दोन बुकिंग पडली. चॅनेल मॅनेजर (सगळ्या साइटवरच्या खोल्या एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) घेतल्यावर हे थांबेल का? आणि आमच्या वेबसाइटवर भाडं कमी ठेवता येईल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : थांबेल, पण काउंटरवरची सवय बदलली तरच. सध्या शेवटची खोली तिन्ही साइटवर उघडी असते. एकीकडे विकली की उरलेल्या दोन हाताने बंद कराव्या लागतात. तेवढ्या दहा मिनिटांत दुसरं बुकिंग पडतं. चॅनेल मॅनेजर सगळ्यांसाठी एकच आकडा धरतो आणि विक्री होताच तो सगळीकडे कमी करतो. जोडणी एपीआयची, म्हणजे साइटशी थेट माहितीची देवाणघेवाण करणारी, आहे ना, हे आधी विचारा. नुसती कॅलेंडरची लिंक असेल, तर समोरची साइट ती कधीकधी काही तासांनी वाचते. अधिवेशनात ते परवडणार नाही.

खरी गफलत मॅपिंगमध्ये, म्हणजे तुमच्या खोल्या साइटवरच्या खोल्यांशी जोडताना, होते. ‘एसी डबल’ नाश्त्यासह आणि नाश्त्याविना, हे दोन दर आहेत. खोलीचा प्रकार एकच. ते दोन प्रकार म्हणून चढवले, तर ६ खोल्या साइटवर १२ दिसतात. म्हणून चाचणी घ्याच. एखाद्या रिकाम्या मंगळवारी ‘एसी डबल’चा आकडा १ करा, मोफत रद्द होणाऱ्या दराने एका साइटवर बुक करा आणि बाकी दोन्हींवर ती तारीख बंद झाली का ते मोबाइलवर बघा. मग बुकिंग रद्द करा. आकडा परत १ झाला पाहिजे.

रात्री अकराला आलेल्या पाहुण्याची नोंद वहीत आणि संगणकावर मात्र सकाळी, असं चाललं तर कुठलंही सॉफ्टवेअर वाचवणार नाही. आधी नोंद, मग किल्ली. गळक्या नळामुळे बंद ठेवलेली खोलीही ब्लॉक करा.

आता भाडं. ३,००० रुपयांच्या भाड्यावर साइटचं १८ टक्के कमिशन धरलं तर ५४० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ९७.२० रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, पण इनपुट क्रेडिट (खर्चावर भरलेला जीएसटी वजा करून घेण्याची सोय) नाही. म्हणजे ते ९७.२० रुपयेही तुमच्याच खिशातून. स्वतःचं भाडं उतरवण्याआधी साइटबरोबरच्या करारातलं ‘रेट पॅरिटी’चं कलम (इतरत्र साइटपेक्षा कमी भाडं लावायचं नाही, ही अट) वाचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला दंड करून अशा अटी काढायला सांगितलं होतं, पुढे प्रकरण अपिलात गेलं. कलम असेलच, तर भाडं तेच ठेवून थेट बुकिंगवर नाश्ता मोफत देता येईल का, हे वकिलाकडून तपासून घ्या.