कॉलेजात ओढलेला गांजा आणि अमेरिकेतला सिक्युरिटी क्लिअरन्स

अमेरिकेतल्या मराठी घरांमधून या विषयावर बरेच प्रश्न आले आहेत. त्यांतले चार निवडले आहेत.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीतच जन्मला. कॉलेजात असताना त्याने काही वेळा गांजा ओढला, दीड वर्षापासून पूर्ण बंद आहे. आता संरक्षण क्षेत्रातल्या कंपनीत नोकरी मिळतेय आणि क्लिअरन्ससाठी, म्हणजे सरकारची गोपनीय माहिती हाताळण्याच्या परवानगीसाठी, एसएफ-८६ फॉर्म भरायचा आहे. घरात सगळे म्हणतात, ‘नाही’ लिहून मोकळा हो, कोणाला कळतंय?

उत्तर : कृपा करून हा सल्ला त्याला देऊ नका. फॉर्मच्या कलम २३ मध्ये मागच्या ७ वर्षांतलं अमली पदार्थांचं सेवन विचारतात, म्हणजे त्याचं कॉलेज त्यात येतंच. तपास करणारे रूममेटशी, शेजाऱ्यांशी, जुन्या मित्रांशी बोलतात. जाणूनबुजून खोटं लिहिणं हा फेडरल (केंद्र सरकारच्या कायद्याखालचा) गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

क्लिअरन्स द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या, २०१७ पासून लागू असलेल्या नियमावलीत एकूण १३ निकष आहेत. अमली पदार्थ ‘एच’ निकषात येतात, खोटेपणा ‘ई’मध्ये. गांजाबद्दलची शंका काळ गेला की फिकी पडते. खोटेपणाची तशी पडत नाही, कारण क्लिअरन्स म्हणजे शेवटी भरवशाचाच प्रश्न. डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय गुप्तचर संचालकांनी सगळ्या खात्यांना कळवलं की पूर्वीचं गांजासेवन विचारात घ्यावं, पण तेवढ्यावरून निकाल लावू नये. त्यामुळे मुलाने किती वेळा, कधी, शेवटचं केव्हा, हे नेमकं लिहावं. ओढणाऱ्या मित्रांची संगत सोडली असेल तर तेही सांगावं. पुन्हा करणार नाही, केलं तर क्लिअरन्स जाईल हे मान्य आहे, असं सहीनिशी लिहून देता येतं आणि त्याला वजन असतं. या कलमातली खरी उत्तरं फौजदारी खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरली जाणार नाहीत, असं फॉर्मवरच छापलेलं आहे. तुमची काळजी समजते, पण त्याला खरं लिहू द्या.

प्रश्न : कॅलिफोर्नियात गांजा कायदेशीर आहे. नोकरी लागेपर्यंत चालू ठेवला तर?

उत्तर : आजच थांबवा. क्लिअरन्स फेडरल सरकार देतं आणि त्याच्या लेखी राज्याची परवानगी धरली जात नाही. सध्या बेकायदा अमली पदार्थ घेणाऱ्याला क्लिअरन्स देऊच नये, असं २००८ चा कायदा सांगतो. फॉर्मवर सही केल्यानंतर ओढणं तर फारच महागात पडतं. क्लिअरन्स हातात असताना घेतलं असेल, तर तिथे ७ वर्षांची मर्यादाही नाही.

प्रश्न : परीक्षेच्या वेळी मित्राची अ‍ॅडरॉल (लक्ष एकाग्र होण्यासाठी डॉक्टर देतात ती गोळी) घेतली होती. ते तर औषध आहे ना?

उत्तर : दुसऱ्याच्या प्रिस्क्रिप्शनवरची गोळी घेणं हा गैरवापरच. लिहा.

प्रश्न : मी ग्रीन कार्डवर आहे. कोलोरॅडोत दुकानातून गांजाच्या गोळ्या घेऊन खाल्ल्या. गावी होळीला भांगही प्यायलोय. नागरिकत्व मिळालं की क्लिअरन्सच्या नोकरीला अर्ज करणार आहे.

उत्तर : इतरांपेक्षा तुम्हाला जास्त जपायला हवं. क्लिअरन्स नागरिकांसाठीच असतो, म्हणून तुमची पहिली परीक्षा इमिग्रेशनची. तिथे शिक्षा झालेली नसली, तरी नुसती कबुलीसुद्धा अंगाशी येऊ शकते. एप्रिल २०१९ मध्ये नागरिकत्व खात्याने स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असलेला गांजाही नागरिकत्वासाठी लागणाऱ्या ‘सद्वर्तना’च्या अटीच्या आड येऊ शकतो. भांगेचं वेगळं आहे. भारताच्या १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात गांजाच्या व्याख्येतून झाडाची नुसती पानं वगळली आहेत. म्हणून कुठे, कधी, काय घेतलं ते वेगवेगळं लिहून काढा आणि इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा. विमानतळावर, मुलाखतीत किंवा अर्जात यातलं काहीही बोलण्याआधी ही भेट झाली पाहिजे. खोटं मात्र तिथेही बोलू नका, त्याने पुढे मिळालेलं नागरिकत्वसुद्धा जाऊ शकतं.