रोपं आली, परवाना मागेच राहिला

प्रश्न : परदेशातल्या रोपवाटिकेतून मी सहा ऑर्किडं मागवली. चार डेंड्रोबियम, दोन पॅफिओपेडिलम. संकर नाहीत, मूळ जाती. ‘कागदपत्रं पूर्ण आहेत’ असं विक्रेत्याने लिहून दिलं होतं. पार्सल कस्टम्सने अडवलं, आत फक्त फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट निघालं आणि मला नोटीस आली. विक्रेता म्हणतो, साइटिसचा (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) परवाना मागच्या तारखेने काढून पाठवतो. घेऊ का?

उत्तर : मुळीच नको. आजच त्याला लेखी कळवा. परवान्यावाचून माल मागवणं ही चूक म्हणून मांडता येते. बनावट तारखेचा कागद पुढे केलात तर मात्र नवा गुन्हा तुमच्या हातून घडेल.

रोपाला कीड-रोग नाही, एवढंच तुमचं सर्टिफिकेट सांगतं. साइटिस करार (1975 पासून लागू) विचारतो ते निराळं : रोप रानातून उपटलं की रोपवाटिकेत वाढवलं? पहिल्या परिशिष्टातल्या काही जाती सोडता ऑर्किडचं सगळं कुळ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्यानेच व्यापार करता येणाऱ्या जातींच्या यादीत, आहे; त्यासाठी निर्यातदार देशाचा परवाना माल निघण्यापूर्वी हवा. पॅफिओपेडिलम मात्र पहिल्या, जास्त कडक परिशिष्टात येतं. रानातल्या रोपांचा धंदेवाईक व्यापार तिथे बंदच. विक्रीसाठी लागवड केलेल्यांना दुसऱ्या परिशिष्टाचा नियम लागतो, पण कागदावाचून तीही सुटत नाहीत.

आता ते सर्टिफिकेट पुन्हा काढून नीट वाचा. दुसऱ्या परिशिष्टातल्या लागवडीच्या रोपांसाठी काही देश याच सर्टिफिकेटला साइटिसच्या दाखल्याचा दर्जा देतात. त्यावर शास्त्रीय नाव, संख्या आणि ‘साइटिसच्या व्याख्येनुसार कृत्रिम लागवड’ असा शिक्का किंवा शेरा हवा. तो असेल आणि तो देश ही पद्धत पाळत असेल, तर चार डेंड्रोबियमसाठी भांडण्यात अर्थ आहे. पॅफिओपेडिलमला ही वाट नाही. ती दोन गेली असं समजा.

निर्यातीनंतरचा परवाना सरकारं देतात, पण क्वचित. दोन्ही देशांच्या साइटिस प्राधिकरणांनी चौकशी करून एकमेकांशी बोलावं लागतं, आणि परवाना मागाहून दिला हे त्यावर उघड लिहावं लागतं. हे काम विक्रेत्याच्या ‘ओळखी’ने व्हायचं नाही. पहिल्या परिशिष्टासाठी तर असा परवाना देऊच नये अशी शिफारस आहे.

शिक्षा करार देत नाही, तुमच्या देशाचा कायदा देतो; म्हणून नोटिशीतलं कलम स्थानिक वकिलाला दाखवल्याशिवाय जबाबावर सही करू नका. ‘मला माहीत नव्हतं’ या एका वाक्यावर विसंबू नका. ऑर्डर, पैसे भरल्याची पावती, विक्रेत्याचं ते लेखी आश्वासन, सगळं जोडा. चॅट पुसू नका, अगदी अडचणीचा वाटला तरी. उत्तर मुदतीत द्या. मुदत अपुरी असेल तर ती संपण्याआधी लेखी वाढवून मागा. पैसे परत मिळवण्याचं भांडण विक्रेत्याशी वेगळं चालवा, नोटिशीच्या उत्तरात ते कालवू नका.