लक्षणांची यादी पुरणार नाही

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

मुलांसोबत कामाला लागण्याआधी लैंगिक अत्याचाराच्या लक्षणांची यादी पाठवा, असं लिहिलंस. यादी अवघड नाही. अचानक झोप उडणं, थांबलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, कारण न सापडणारी पोटदुखी, एखाद्या माणसाचं नाव निघताच अंग चोरणं, कपडे बदलायला घाबरणं. थोड्या मोठ्या मुलांत स्वतःला इजा करणं किंवा घर सोडून जाणं. पण आईवडिलांचं पटेनासं झालं, शाळा बदलली, वर्गात कुणी छळायला लागलं, तरी यातलं बरंचसं दिसतं. एकट्या लक्षणावरून काहीच ठरत नाही. पाहायचा तो बदल, आणि बदल कळायला मूल आधी कसं होतं हे ठाऊक हवं. म्हणून सुरुवातीचे दिवस मुलांना नुसतं ओळखण्यात घालव. मुलग्यांचा संताप व्रात्यपणात जमा केला जातो, तिथे जरा थांबून बघ. शिवाय काही मुलं काहीच दाखवत नाहीत. हसतात, खेळतात, पहिला नंबरही काढतात.

लहान मुलांना शरीराचं कुतूहल असतंच. तीन-चार वर्षांची दोन मुलं एकमेकांना बघून खिदळली आणि हाक मारताच दुसऱ्या खेळाला लागली, तर घाबरू नकोस. मुलाला मोठ्यांच्या लैंगिक क्रियांचे बारकावे माहीत असतील, खेळात जबरदस्ती असेल, दोघांच्या वयात मोठं अंतर असेल, समजावूनही ते थांबत नसेल, तर मात्र चौकशी व्हायला हवी. अर्थात, असलं ज्ञान मोबाइलवरूनही मिळालेलं असू शकतं.

‘डॉक्टरांनी तपासलं, काही नाही’ हे वाक्य तुझ्या कानावर येईल. त्यावर निश्चिंत होऊ नकोस. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डॉक्टर जॉयस ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २३६ मुलांच्या तपासण्या पाहिल्या, ज्यांच्यावर अत्याचार करणारा न्यायालयात दोषी ठरला होता. जननेंद्रियांच्या तपासणीत उघड विकृती आढळली ती फक्त १४ टक्के मुलांत. अनेक कृत्यांची खूण उरतच नाही, आणि उरली तरी त्या भागातली जखम लवकर भरते. तरीही तपासणी टाळायची नाही. घटना ताजी असेल तर पहिल्या ७२ तासांत पुरावा आणि संसर्ग रोखणारे उपचार, दोन्ही दृष्टींनी फार काही करता येतं.

मला विचारशील तर मुलाइतकंच लक्ष मोठ्यांकडे ठेव. अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचा, घरच्यांच्या विश्वासातला असतो, आणि विश्वास तो आधी मोठ्यांचाच मिळवतो. अडीअडचणीला धावून येणं, एकाच मुलाचे लाड, सोडायला-आणायला मीच जातो म्हणणं, गुदगुल्यांच्या निमित्ताने स्पर्श करून मूल काय करतं ते पाहणं, मग ‘हे आपल्या दोघांतच’. यातली एकेक गोष्ट चांगुलपणाची वाटते. एकांत आणि गुपित एकत्र आले की मला शंका येते. असा माणूस सगळ्यांना प्रिय असतो, म्हणून तुझी शंका कुणाला पटणार नाही, याची तयारी ठेव.

मूल लगेच का सांगत नाही? रोलंड समिट या मानसोपचारतज्ज्ञाने १९८३ साली याची मांडणी केली: गुप्तता, असहायता, अडकून जुळवून घेणं, उशिरा आणि अडखळत सांगणं, शेवटी शब्द फिरवणं. ‘असं काही झालंच नाही’ म्हणणारं मूल कधी घर मोडेल या भीतीने तसं म्हणतं. मात्र हा साचा लावून अत्याचार सिद्ध होत नाही; समिटनेच १९९२ साली अशा वापराविरुद्ध लिहिलं.

मूल तुझ्यापाशी बोललं तर ‘मग काय झालं?’ एवढंच विचार. ‘त्याने इथे हात लावला ना?’ हे नाही. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीतल्या मुलांवरच्या कथित अत्याचाराच्या खटल्यात मुलांच्या तोंडी उत्तरं घालणाऱ्या मुलाखतींनी सगळी साक्षच संशयास्पद केली. १९८३ साली सुरू झालेलं ते प्रकरण १९९० मध्ये एकाही शिक्षेविना संपलं. तिथे खरं काय घडलं, हे ठरवण्याची वाटच त्या प्रश्नांनी बुजवली.

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नकोस, कारण ते मोडावंच लागेल. ‘सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही’ म्हण. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेव. संशयित माणसाला जाब विचारायला जाऊ नकोस. तो सावध होतो आणि भोगतं मूल. तपास तुझं काम नाही, कळवणं आहे, आणि त्यासाठी खात्री होईपर्यंत थांबायचं नसतं.

पुढच्या पत्रात मला एवढं कळव: तुमच्या संस्थेत तक्रार कुणाकडे जाते, आणि तक्रार त्याच माणसाविरुद्ध असेल तर कुणाकडे.

तुझी,
ताई