ट्रिगर वॉर्निंगची ओळ लिहिण्यापूर्वी

प्रिय चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. आधुनिक दक्षिण आशियाच्या इतिहासाचा चर्चावर्ग टीचिंग असिस्टंट म्हणून तुझ्याकडे आला आहे आणि फाळणीच्या आठवड्यात नेमलेल्या स्त्रियांच्या साक्षी वाचायला देण्यापूर्वी ट्रिगर वॉर्निंग, म्हणजे मजकुरातील गोष्टींनी एखाद्याची त्रासदायक आठवण जागी होऊ शकते अशी पूर्वसूचना, द्यावी का, असे तू विचारले आहेस. वाचनात काय आहे ते आधी जरूर सांगावे, असे माझे मत आहे. मात्र तेवढ्याने एखाद्याचा त्रास कमी होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

अमेरिकेतील गेल्या दशकातला वाद मुख्यतः सक्तीभोवती फिरला. २०१४ मध्ये सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थी सिनेटने अशा सूचना बंधनकारक कराव्यात असा ठराव केला आणि त्याच वर्षी विद्यापीठीय प्राध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने विरोधाचा अहवाल काढला. २०१६ मध्ये शिकागो विद्यापीठाने नव्या विद्यार्थ्यांना पत्र लिहून अशा सूचनांना आपला पाठिंबा नसल्याचे कळवले. कॉर्नेल विद्यापीठातला सक्तीचा असाच ठराव २०२३ मध्ये अध्यक्षा मार्था पोलॅक यांनी फेटाळला. तुझ्यावर कोणी सक्ती केलेली नाही, त्यामुळे या भांडणात तू कोणाची बाजू घेण्याचे कारण नाही. प्राध्यापक संघटनेच्या अहवालातील एक मुद्दा मात्र तुझ्या कामाचा आहे: सक्ती झाली की तिची झळ कायम नोकरी नसलेल्या शिक्षकांना आधी बसते.

सूचनेचा परिणाम काय होतो, हे आता बऱ्यापैकी तपासले गेले आहे. हार्वर्डच्या पेटन जोन्स, बेन्जामिन बेलेट आणि रिचर्ड मॅक्नॅली यांनी मानसिक आघात अनुभवलेल्या ४५१ जणांना साहित्यातील उतारे वाचायला दिले, काहींना सूचनेसह, काहींना सूचनेविना. त्यांचा २०२० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की सूचनेने अस्वस्थता कमी झाली नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया ब्रिजलँड यांनी सहकाऱ्यांसह २०२३ मध्ये १२ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही हेच दिसले. सूचनेमुळे लोक मजकूर टाळत नाहीत, त्यांचे आकलन बदलत नाही आणि मजकूर समोर आल्यावर होणारा त्रासही बदलत नाही. वाढते ती फक्त मजकूर येण्यापूर्वीची धाकधूक. म्हणजे ‘यामुळे मुले नाजूक होतील, वाचणारच नाहीत’ ही भीतीही पुराव्यावर टिकत नाही आणि ‘यामुळे पीडित विद्यार्थी सुरक्षित राहील’ हा दिलासाही टिकत नाही. अर्थात यांतले बरेच प्रयोग थोड्या वेळाचे आहेत. ओळखीच्या शिक्षकाने सत्रभर चालवलेला वर्ग त्यांत नाही, हेही ध्यानात ठेव.

एक युक्तिवाद तुला हमखास ऐकायला मिळेल. पीटीएसडीवरील (आघातानंतर जडणाऱ्या मानसिक विकारावरील) उपचारात रुग्णाला टाळलेल्या आठवणींकडे नेले जाते, म्हणून वर्गातही पूर्वकल्पना न देणेच हिताचे, असा तो आहे. मला तो अप्रामाणिक वाटतो. त्या उपचारात रुग्णाची संमती असते, प्रशिक्षित व्यक्ती सोबत असते, आणि पुढे काय येणार आहे हे टप्प्याटप्प्याने ठरलेले असते. मंगळवारी सकाळी वीस जणांसमोर अपहरणाचे वर्णन अचानक मोठ्याने वाचून दाखवणे हा उपचार नव्हे, आणि तू डॉक्टरही नाहीस. शिवाय आठवण कशाने उसळेल याचा नेम नसतो. एखाद्याला बलात्काराच्या वर्णनाने काही होत नाही आणि रेल्वेच्या डब्याच्या साध्या उल्लेखाने होते. त्यामुळे संभाव्य त्रासदायक विषयांची लांबलचक यादी करण्याचा खटाटोप करू नकोस.

त्याऐवजी सिलॅबसमध्ये त्या आठवड्यासमोर साधे वाक्य लिही: ‘या साक्षींमध्ये अपहरण, लैंगिक हिंसा आणि नातलगांनी केलेल्या हत्या यांची थेट वर्णने आहेत, वाचनाला पुरेसा वेळ ठेवावा.’ त्यात घाबरवणारे विशेषण नको आणि आगाऊ सहानुभूतीही नको. ‘वेळ ठेवावा’ हे शब्द वगळू नकोस, कारण नुसती सूचना मिळालेल्या माणसाला आता काय करायचे ते कळत नाही. ज्याला मजकूर रात्री एकट्याने वाचायचा नसेल, तो दुपारी ग्रंथालयात बसून वाचेल. वर्गात उतारे मोठ्याने वाचायला कोणालाही सांगू नकोस, आणि चर्चा चालू असताना कोणी बाहेर गेले तर मागून हाक मारू नकोस.

‘अडचण असल्यास मला येऊन कारण सांगा’ असे मात्र चुकूनही लिहू नकोस. तुझा हेतू चांगला असेल, पण अनेक अमेरिकन विद्यापीठांत टीचिंग असिस्टंटला लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की ती टायटल नाइनच्या (शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणाऱ्या अमेरिकन कायद्याच्या) कार्यालयाला कळवावी लागते. विद्यार्थिनीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मग तिच्या मनाविरुद्ध पुढे जाऊ शकते. गोपनीय बोलण्यासाठी समुपदेशन केंद्र आहे, त्याचा पत्ता सिलॅबसवर दे. निदान झालेल्या विकारामुळे सवलत हवी असेल, तर तिची व्यवस्था अपंगत्व सेवा कार्यालय करते आणि तुला निदान न सांगता केवळ सवलत कळवते. पर्यायी वाचन मागणाऱ्याला कारण न विचारता दुसरी साक्ष देता येईल का, हे मुख्य प्राध्यापकांशी आधीच बोलून ठेव, कारण गुणांचा अंतिम निर्णय त्यांचा आहे.

सिलॅबस छापण्यापूर्वी त्या आठवड्याचा मसुदा पाठवलास तर वाचून कळवेन.

कळावे.