“मॅडम, ही दिवसभर जलपरीच असते!”

पाच-सहा वर्षांच्या मुलींच्या आया माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा ही तक्रार हमखास असते. “पाय जोडून फरशीवरून सरपटते. जेवायला बोलावलं तर म्हणते, मी फक्त शेवाळ खाते. हिला खरं-खोटं कळत नाही का?” मूल वाघ झालं तर घरचे हसून सोडून देतात. जलपरीची मात्र धास्ती वाटते, कारण तिच्यामागे पाणी असतं. या आयांना मी ज्या मुलीबद्दल सांगते, तिचीच गोष्ट इथे सांगते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ठाण्यातली साडेपाच वर्षांची मुलगी. शाळेतून निरोप आला होता की खेळाच्या तासाला ती मैदानावर येत नाही, “मला पाय नाहीत” म्हणून पायरीवर बसून राहते. आजीचं म्हणणं, हे वेड आत्ताच मोडून काढा. आईला वेगळंच कोडं पडलं होतं. सोसायटीच्या तलावावर पोहायला घातलं, तेव्हा शिकवणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात तिला खोल पाण्यात सोडून दिलं. नाकातोंडात पाणी गेलं. तेव्हापासून डोक्यावरून पाणी घेतलं तरी किंकाळ्या. “पाण्याला एवढी घाबरते आणि खेळते काय, तर जलपरी!”

मी विचारलं, “खेळता खेळता शू लागली तर काय करते?”

“शेपटीची ओढणी फेकते आणि पळते.”

“पायांनी?”

आई एकदम हसली. खऱ्या-खोट्याच्या शंकेचं उत्तर तिच्याच घरात रोज धावत होतं. खेळाबाहेर केव्हा यायचं हे ज्या मुलाला कळतं, त्याला खेळ म्हणजे खेळ हेही कळतं.

आपल्याकडच्या बालवाड्यांवर मारिया माँटेसरींच्या विचारांचा मोठा ठसा आहे. ताराबाई मोडकांनी ते विचार या मातीत रुजवले, त्यांचं ऋण मी मानतेच. पण सहा वर्षांखालच्या मुलांना परीकथांपेक्षा खऱ्या वस्तू द्याव्यात, हे माँटेसरींचं मत मला पटत नाही. माझा ओढा वायगॉट्स्कींकडे आहे. 1933 च्या एका व्याख्यानात या रशियन मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की कल्पनेचा खेळ म्हणजे मोकाट सुटणं नव्हे, त्याच्या पोटात नियम असतात. जलपरीने उभं राहायचं नाही, हा नियम. तो पाळत अर्धा तास सरपटणारं मूल स्वतःला आवर घालायला शिकत असतं. अमेरिकेत 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार आणि सहा वर्षांच्या मुलांना कंटाळवाणं काम दिलं होतं. त्यातली जी मुलं बॅटमॅनसारखं एखादं पात्र होऊन कामाला बसली, ती जास्त वेळ टिकली. घरच्यांनी ‘वेड’ म्हटलेली गोष्ट मुलाला अशी बळ देते.

म्हणून मी आईला एवढंच सांगितलं: रोज थोडा वेळ जमिनीवर बसा, ती जे सांगेल ते व्हा, काही शिकवू नका. शाळेतल्या बाईंनाही विनंती केली की ‘पाय नाहीत’ यावर वाद घालू नका, जलपरीला मैदानाच्या कडेला शिट्टी वाजवायचं काम द्या. बाईंनी ते मनापासून केलं. काही दिवसांनी शिट्टी वाजवता वाजवता ती मुलांमागे पळायलाही लागली.

पाण्याची गाठ सुटायला वेळ लागला. बऱ्याच भेटींनंतर मी माझ्या खोलीत निळी चादर अंथरली आणि मधोमध पाण्याचा पसरट टब ठेवला. मायलेकींना सांगितलं, खेळा. मुलगी बराच वेळ टबाकडे पाठ करून शिंपले लावत बसली. मग वळून म्हणाली, “आई, तू जमिनीवरची बाई. तुला पाणी येत नाही. मी शिकवते.”

आईने हात बुडवला. “हात नाही, तोंड!”

आई थबकली. “मला नाही जमत गं.”

“जलपऱ्यांना पण आधी जमत नसतं. आधी फक्त ओठ. फू कर.”

आईने ओठ टेकवले, फुंकर घातली. बुडबुडे आले. मुलगी खाली वाकून ते बघू लागली आणि बघता बघता तिनेही ओठ पाण्याला लावले. मग दोघी आळीपाळीने फुंकत राहिल्या. हनुवटी, गाल, नाक. मुलीच्या पापण्या भिजल्या तेव्हा ती दचकली, आईकडे पाहिलं. आईचाही चेहरा ओला होता. मुलगी खिदळली आणि पुन्हा वाकली.

त्या दिवशी निघताना आई दारात थांबली. म्हणाली, “मॅडम, मी कधी कुणाला सांगितलं नाही. अलिबागला गेलो तरी मी घोट्याच्या वर पाण्यात जात नाही. लहानपणापासून.” ती घरी हे कधी बोलली नव्हती, पण मुलीने तिला किनाऱ्यावर चपला हातात धरून उभी राहिलेली पाहिली होती. तिला सगळं कळलं होतं. ‘जमिनीवरची बाई’ तिने उगाच नेमली नव्हती. तोवर मला वाटत होतं, ती तलावातला प्रसंग पुन्हा पुन्हा खेळून पचवते आहे. ते होतंच, पण त्याच खेळात ती आईच्या भीतीलाही हात घालत होती. वर्षानुवर्षं या खोलीत बसून माझी एक खात्री झाली आहे: मूल खेळात जी भूमिका आपल्याला देतं, ती नीट पाहावी. त्याने आपल्याला कसं पाहिलं आहे ते तिथे दिसतं.

आता घरी काय करता येईल, ते सांगते. आधी कोरडा समुद्र. जुन्या साडीची शेपटी, दोघांनी दोन टोकं धरून हलवलेली चादर म्हणजे लाटा, जेवणाच्या टेबलाखाली गुहा. गादीवर पालथं झोपून छातीपासून पायांपर्यंत लाट न्यायची. बटरफ्लाय प्रकारात पोहणारे पायांची हीच हालचाल करतात, हे मुलांना सांगितलं की त्यांना फार भारी वाटतं. मोठ्या मुलांना डुगाँगची गोष्ट सांगा. कच्छच्या आखातात, पाल्कच्या उपसागरात आणि अंदमानात आढळणारी, समुद्री गवत खाणारी ही समुद्रगाय. खलाशांनी अशाच प्राण्यांना जलपऱ्या समजल्याचं मानलं जातं. मग मुलांच्या खेळात जलपरीसोबत समुद्री गवतही उगवायला लागतं!

मग बादली किंवा टब: बुडबुड्यांनी निरोप पाठवायचा, एक कान पाण्यात घालून समुद्राचं बोलणं ऐकायचं. तलावात गेल्यावर तारामासा होऊन उताणं तरंगायचं, पाठीखाली तुमचा हात. पायरीवरून शिंपला उचलायचा. पुढची पायरी मुलाने मागितल्यावरच.

एका बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. बाजारात मिळणारी दोन्ही पाय एकत्र बांधणारी शेपटी न पोहणाऱ्या मुलाला पाण्यात घालू नका. त्यात पाय फाकवून उभं राहता येत नाही, तोल गेला की सावरता येत नाही. शेपटी कोरड्या समुद्रातच राहू दे. मूल पाण्यात असताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, फोन पिशवीत हवा. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हातही हलवत नाही. श्वास कोण जास्त रोखतो ही शर्यत तर पूर्ण बंद; त्यात चांगलं पोहणारी मुलंही पाण्याखाली बेशुद्ध होतात. खेळून झाल्यावर टब लगेच रिकामा करा.

आणि मुलगा जलपरी झाला तर? बाबा लोक हे आवाज खाली करून विचारतात. त्यालाही तेवढीच लांब शेपटी द्या.

काळजी केव्हा करायची, तेही सांगते. भूक, झोप, शू यांसाठीसुद्धा मूल खेळातून बाहेर येत नसेल. तोच भीतीचा प्रसंग रोज तसाच खेळत असेल, त्यात काहीच बदलत नसेल आणि खेळून झाल्यावर ते मोकळं होण्याऐवजी आणखी गप्प होत असेल. किंवा इतर मुलांशी खेळणंच सुटलं असेल, तर थांबू नका. खेळात कोण कोण असतं, कोण काय बोलतं, खेळ कुठे अडतो हे काही दिवस वहीत टिपा आणि ती वही घेऊन समुपदेशकाकडे या. मुलाला खोदून विचारण्यापेक्षा त्या वहीचा आम्हाला जास्त उपयोग होतो.