आठवीच्या मुलांना विज्ञानात डेटा आणि स्टॅटिस्टिक्सची ओळख कशी करून द्यावी?

फॉर्म्युला आधी सांगूच नका, एकच गोष्ट मुलांना परत परत मोजायला लावा आणि आकडे वेगवेगळे का आले यावर बोलू द्या. मी विज्ञान शिकवते, माझ्याकडे साधा लंबक सगळ्यात चांगला चालतो. १ मीटर दोरी, १० आंदोलनांना (एक आंदोलन म्हणजे जाऊन परत येणं) साधारण २० सेकंद लागतात. समजा पाच गटांचे आकडे आले २०.१, १९.८, २०.३, २०.० आणि २४.१, तर ते फळ्यावर एका रेषेवर ठिपक्यांनी मांडा, शेवटचा ठिपका लांब एकटा पडलेला मुलांना लगेच दिसतो आणि कोणीतरी म्हणतंच की यांनी १२ आंदोलनं मोजली असणार! मग सरासरी काढायला सांगा, २०.८६ येते, म्हणजे चार गटांच्या आकड्यांपेक्षा जास्त, पण मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर बरोबर मधला येणारा, २०.१ च राहतो. हे स्वतः बघितलं की दोन्हीतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही. तो २४.१ मात्र गुपचूप खोडू देऊ नका, परत मोजायला लावा. फक्त एक, दोरीच चुकीची मोजली असेल तर कितीही रीडिंग घेतली तरी सरासरी चुकीचीच येणार, हेही त्यांना सांगा.